मदत हवी आहे: कॅचरचा करार वाढवावा का? (गुरुवारपर्यंत)

मृदुला_केसी | सोमवार, २७ ऑक्टोबर २०२५, संध्याकाळी ६:१०
पटकन मदत हवी आहे. मुलाला शाळेत वादविवादात बोलायचं आहे. विषय: वय होत आलेल्या कॅचरचा (बेसबॉलमधला विकेटकीपर) करार टीमने वाढवावा का. मला क्रिकेट कळतं, बेसबॉल नाही. ज्याला कळतं तो नवरा कामासाठी बाहेरगावी गेलाय. मुलगा नुसते आकडे पाठ करत बसलाय, मुद्दा एकही नाही. चार मिनिटं बोलायचं आहे. मुद्दे द्या, लिंका नकोत.

आकडेमोड | ६:२५
कुठली टीम? कुठला कॅचर? वय किती, करार कधी संपतोय? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार?

मृदुला_केसी | ६:३१
कॅन्सस सिटी रॉयल्स. आम्ही शेजारच्या ओव्हरलँड पार्कला राहतो, दुसरी कुठली टीम असणार? कॅचर सॅल्वी, म्हणजे साल्वाडोर पेरेझ.

पिवळं_वादळ | ६:४०
अहो, हा प्रश्न आपल्याकडे दर वर्षी येतो. चेन्नईने धोनीला २०२५ साठी ४ कोटीत ठेवलं. पाच वर्षं आंतरराष्ट्रीय सामना न खेळलेला भारतीय खेळाडू अनकॅप्ड (देशाकडून न खेळलेला, म्हणून स्वस्त) धरायचा, या नियमाने. चव्वेचाळिसाव्या वर्षीसुद्धा त्याला बघायला स्टेडियम भरतं. माणूस टीमचा चेहरा असेल तर वय विचारायचं नाही. मुलाला हेच बोलू दे, टाळ्या पडतील.

आकडेमोड | ६:५८
वादळराव, आयपीएलमध्ये प्रत्येक टीमच्या पैशाच्या थैलीला मर्यादा असते. मेजर लीगमध्ये (बेसबॉलची इथली सगळ्यात वरची लीग) तशी कमाल मर्यादा नाही, ठरावीक रकमेच्या वर गेलात तर कर भरावा लागतो एवढंच. आणि रॉयल्स त्या रकमेच्या जवळपासही नाहीत. शिवाय इथला करार पूर्ण हमीचा असतो. खेळाडू दुखापतीने घरी बसला तरी ठरलेले सगळे पैसे द्यावे लागतात. त्यामुळे "किती वर्षं" हा प्रश्न "किती पैसे" इतकाच मोठा आहे. धोनीचं उदाहरण इथे चालणार नाही.

मृदुलाताई, साल्वाडोर पेरेझ ३५ वर्षांचा आहे, मे महिन्यात ३६ चा होईल. २०२१ च्या मार्चमध्ये त्याने ४ वर्षं, ८२ मिलियन डॉलरचा करार केला, तो या मोसमाबरोबर संपला. त्यात २०२६ साठी क्लबकडे पर्याय आहे: १३.५ मिलियन देऊन ठेवा, नाहीतर २ मिलियन देऊन मोकळं करा. म्हणजे आजचा खरा निर्णय ११.५ मिलियनचा आहे. आता सांगा, शाळेच्या विषयात "करार वाढवणे" म्हणजे हा एका वर्षाचा पर्याय घेणं, की दोन-तीन वर्षांचा नवा करार? दोन्हींची उत्तरं वेगळी आहेत.

मृदुला_केसी | ७:०५
कागदावर "एक्स्टेंड" एवढंच लिहिलंय. आठवीची मुलं आहेत हो.

डेट्रॉईटचे_काका | ७:४४
अजिबात वाढवू नये. आमच्या डेट्रॉईटने केलंय ते करून, आम्ही भोगलंय.

मिगेल कब्रेरा. २०१२ साली ट्रिपल क्राउन (बॅटिंगच्या तिन्ही मुख्य आकड्यांत लीगमध्ये पहिला), १९६७ च्या यास्त्रेम्स्कीनंतर पहिलाच. २०१२ आणि २०१३, लागोपाठ दोनदा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू. २०१४ च्या मार्चमध्ये, जुन्या कराराची दोन वर्षं शिल्लक असताना, आमच्या टायगर्सनी आणखी ८ वर्षं आणि २४८ मिलियन डॉलर त्याला लिहून दिले. तेव्हा तो ३१ चा व्हायचा होता, म्हणजे तुमच्या सॅल्वीपेक्षा चार-साडेचार वर्षांनी तरुण. नवा करार २०१६ ला सुरू झाला, त्या वर्षी ३८ होमरन (आपल्या षटकारासारखे). त्यानंतर सात मोसमांत एकदाही १६ च्या वर गेला नाही. पाठ गेली, मग दंडाचा स्नायू फाटला. शेवटची दोन वर्षं वर्षाला ३२ मिलियन. २०१९ ला टीम ११४ सामने हरली.

मी ५०० वा होमरन टीव्हीवर बघितला, ३००० व्या हिटला स्टेडियममध्ये होतो. डोळ्यांत पाणी आलं. माझं त्या माणसावर प्रेम आहे. पण होऊन गेलेल्या कामगिरीचे पैसे येणाऱ्या वर्षांतून कापले गेले. मुलाला हे वाक्य द्या.

सेंट_लुईसची_वहिनी | ८:२०
काका, कब्रेराला दिली आठ वर्षं. पेरेझसाठी आठ वर्षं कोण मागतंय? आमचा मोलिना बघा, तोही कॅचर. २०१७ च्या एप्रिलमध्ये, ३४ व्या वर्षी, आमच्या कार्डिनल्सनी ३ वर्षं आणि ६० मिलियनला वाढवला. २०१८ ला त्याने २० होमरन मारले, गोल्ड ग्लोव्ह हा फिल्डिंगचा पुरस्कारही घेतला. मग २०२१ ला एक वर्ष ९ मिलियन, २०२२ ला एक वर्ष १० मिलियन, आणि निवृत्ती. एकोणीस मोसम, एकच टीम. नवीन पिचर (बॉल टाकणारा) आला की मोलिनाने बोट दाखवायचं आणि त्याने तिथे बॉल टाकायचा, इतका भरवसा. याची किंमत कुठल्या तक्त्यात लिहिता?

डेट्रॉईटचे_काका | ८:३१
आणि पुहोल्स? त्याला तर तुम्हीच जाऊ दिलात.

सेंट_लुईसची_वहिनी | ८:५२
दिलं, आणि बरोबर केलं. २०११ ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगची फायनल, जिंकून तो एंजल्सकडे गेला, १० वर्षं, २४० मिलियन. एंजल्सनी करार संपायच्या आधीच, २०२१ च्या मे महिन्यात त्याला काढलं. तो गेल्याच्या भरपाईत आम्हाला ड्राफ्टची (नवे खेळाडू निवडण्याची) जागा मिळाली, तिच्यातून पिचर मायकेल वाका आला आणि २०१३ ला आम्ही वर्ल्ड सिरीजपर्यंत गेलो. तोच वाका आता कॅन्सस सिटीत आहे आणि त्याचे बॉल पेरेझ पकडतो! २०२२ ला पुहोल्स परत आला तो एका वर्षासाठी, अडीच मिलियनला. २४ होमरन मारले, ७०० चा टप्पा ओलांडून ७०३ वर थांबला. म्हणून म्हणते, माणूस ठेवा, वर्षं मोजून द्या.

बॅट_अँड_बाभूळ | ९:१५
अवांतर: रॉयल्सच्या कॉफमन स्टेडियमची कारंजी अजून चालू आहेत ना? आम्ही २०१५ ला गेलो होतो. नवीन स्टेडियम डाउनटाउनला होणार असं ऐकलं होतं.

आकडेमोड | ९:२२
स्टेडियम ज्या जॅक्सन काउंटीत आहे तिथल्या मतदारांनी २०२४ च्या एप्रिलमध्ये त्यासाठीच्या करालाच नकार दिला. कारंजी चालू आहेत. वेगळा धागा काढा प्लीज.

नाशिकची_शॉर्टस्टॉप | ९:५०
मी शाळा-कॉलेजात सॉफ्टबॉल खेळले, दोन वर्षं कॅचरच होते, म्हणून लिहिते. कोणी गुडघ्यांबद्दल बोलतच नाहीये. विकेटकीपर बॉल पडताना उठतो, ओव्हरच्या मध्ये चालतो. कॅचर एका सामन्यात शंभर-दीडशे वेळा पूर्ण उकिडवा बसतो, आणि बसलेल्या अवस्थेतून उसळून दुसऱ्या बेसला फेकतो. वर बॅटची कड लागून आलेले बॉल अंगठ्यावर, मांडीवर, मुखवट्यावर. माझ्या डाव्या हाताचं पहिलं बोट थंडीत अजून दुखतं, आणि आमचा बॉल तर मोठा आणि हळू.

पेरेझचं कोपराचं ऑपरेशन झालंय, २०१९ चा अख्खा मोसम त्यात गेला. आता तो काही दिवस पहिल्या बेसवर, काही दिवस नुसता बॅटिंगला असतो. म्हणून प्रश्न असा मांडा: टीम कुणाला पैसे देतेय? कॅचरला की पहिल्या बेसवाल्याला? पहिल्या बेसवरच्या माणसाकडून बॅटिंग जास्त लागते.

अजून एक. पुढच्या मोसमापासून अंपायरच्या बॉल-स्ट्राइकच्या निर्णयाला (बॉल ठरावीक चौकटीतून, म्हणजे स्ट्राइक झोनमधून, गेला की नाही) आव्हान देता येणार आहे, प्रत्येक टीमला दोन. पिचर, कॅचर किंवा बॅटर डोक्याला हात लावून मागू शकतो. पेरेझची जुनी कमजोरी हीच, की कडेचा बॉल स्ट्राइक वाटेल असा पकडणं त्याला फार जमत नाही. ती थोडी झाकली जाईल. आणि इतकी वर्षं स्ट्राइक झोन बघितलेला कॅचर आव्हान कधी मागायचं हे चांगलं ओळखेल.

आकडेमोड | १०:०८
नाशिककर, झोन ओळखण्याबद्दल असहमत. हा माणूस वाइड बॉलच्या मागे बॅट फिरवणाऱ्यांपैकी आहे, वॉक (चार वाईट बॉल सोडून फुकट मिळणारा बेस) घेतच नाही. या वर्षी ३० होमरन, १०० आरबीआय (त्याच्या बॅटिंगवर आलेल्या धावा), पण सरासरी .२३६, आणि बेसवर पोचण्याचं प्रमाण .३०० च्याही खाली. दहातले सात वेळा आउट.

नाशिकची_शॉर्टस्टॉप | १०:१५
बॅट हातात असताना मोह होणं वेगळं आणि मागे बसून बॉल बघणं वेगळं. कधी बसून बघा.

पिवळं_वादळ | १०:४०
तरीही सांगतो, धोनी...

रात्रपाळी | मंगळवार, रात्री २:०५
आत्ता संपली वर्ल्ड सिरीजची मॅच! अठरा इनिंग! फ्रीमनचा होमरन, डॉजर्स ६-५. कोणी जागं आहे का?

या धाग्याचं उत्तर आजच्या मॅचमध्येच होतं. टोरांटोकडून सुरुवात केली शेर्झरने, वय ४१, एका वर्षाचा करार. बाराव्या इनिंगला बेस भरलेले असताना डॉजर्सनी कर्शॉला आणलं, वय ३७, याच मोसमानंतर निवृत्त होतोय. त्याने एक बॅटर काढला आणि इनिंग संपवली. गेली काही वर्षं डॉजर्स त्याला एकेका वर्षासाठीच घेत होते. आदर ठेवला आणि धोकाही आटोक्यात ठेवला. एकेक वर्ष. झालं.

मृदुला_केसी | मंगळवार, सकाळी ७:१०
सगळ्यांचे आभार, पण तुमच्यातले निम्मे "ठेवा" म्हणताय आणि त्याला "वाढवू नये" या बाजूने बोलायचंय. बाजू शिक्षकांनी चिठ्ठी काढून दिलीय. अडचण तीच आहे. पोराकडे सॅल्वीचा १३ नंबरचा शर्ट आहे, तो धुवायलासुद्धा देत नाही. काल रात्री म्हणाला, "आई, मी सॅल्वीच्या विरुद्ध कसा बोलू?" मला यावर उत्तर सुचलं नाही. आता तेवढं सांगा.

सेंट_लुईसची_वहिनी | ७:४५
अगं बाई, हे आधी सांगायचं ना! लेकराला सांग, सॅल्वीच्या विरुद्ध एक अक्षर बोलायचं नाही. सुरुवातच त्याच्या कौतुकाने करायची. वेनेझुएलातला, सोळाव्या वर्षी करारबद्ध झालेला मुलगा, २०१४ च्या वाइल्ड कार्ड (प्लेऑफच्या पहिल्या) सामन्यात बाराव्या इनिंगला ओकलंडविरुद्ध जिंकून देणारा फटका, २०१५ ला वर्ल्ड सिरीजचा एमव्हीपी, टीमचा कॅप्टन. हे समोरची बाजू बोलणारच आहे. यानेच आधी बोलून टाकलं की त्यांच्याकडे काय उरतं?

आकडेमोड | ८:१२
वहिनींना +१. मग मुद्दा असा लावायचा: क्लबकडे २०२६ चा पर्याय आहेच. तो घ्या, पेरेझ पुढच्या वर्षी खेळेलच. मग २०२७ चं वचन आजच कशाला? म्हणजे "वाढवू नये" म्हणजे "काढून टाका" नव्हे. शर्टवाल्या मुलाला हे मनापासून बोलता येईल.

दुसरा मुद्दा कार्टर जेन्सन. २२ वर्षांचा, कॅचर, कॅन्सस सिटीतच वाढलेला, सप्टेंबरमध्ये मुख्य टीममध्ये आला आणि छान खेळला. त्याला मागे बसायला दिवस द्यायचे तर कुणाचे तरी कमी होणार. टीम या वर्षी ८२-८० वर थांबली, प्लेऑफ हुकली. आणि पेरेझला १० वर्षं मेजर लीगमध्ये आणि सलग ५ एकाच टीमकडे झालीत, त्यामुळे त्याच्या संमतीशिवाय त्याला ट्रेड करता (दुसऱ्या टीमला देता) येत नाही. एकदा दिलेली वर्षं सहज परत घेता येत नाहीत.

समोरचे विक्रमाचं बोलतील. जॉर्ज ब्रेटचे ३१७ होमरन हा रॉयल्सचा विक्रम आहे, पेरेझ ३०३ वर. बरोबरीला १४, मोडायला १५ हवेत. त्यावर उत्तर तयार ठेवा: या वर्षीसारखा खेळला तर ते २०२६ मध्येच होतील.

डेट्रॉईटचे_काका | ८:३०
आणि माझं कब्रेराचं? तेच तर सगळ्यात भक्कम उदाहरण आहे.

आकडेमोड | ८:३६
काका, आठ वर्षांचं उदाहरण दोन वर्षांच्या प्रश्नाला लावलं तर समोरचं पोर एका वाक्यात उडवेल. एका ओळीपुरतं घ्या.

डेट्रॉईटचे_काका | ८:५०
एका ओळीपुरतं नाही. वय कुणालाही आधी कळवून येत नाही, हे त्यातून दिसतं. २०१६ ला कुणालाही दिसलं नव्हतं.

नाशिकची_शॉर्टस्टॉप | ९:३०
काकांचं हे मात्र पटलं. कॅचरच्या बाबतीत तर जास्तच. आदल्या दिवशी बसता येत असतं, दुसऱ्या दिवशी येत नाही.

वक्तृत्व_कट्टा | १:१५
विषयाबद्दल काही कळत नाही, पण चार मिनिटं म्हणजे साधारण साडेचारशे शब्द. आरशासमोर उभं राहून बोलायला लावा. हात खिशात नकोत. रात्री हळद-दूध.

मृदुला_केसी | गुरुवार, संध्याकाळी ५:२०
झालं. "पर्याय घ्या, वचन देऊ नका" हेच बोलला. काकांची ओळ घेतली, शॉर्टस्टॉपताईंचा दुखणारा अंगठा पण घेतला. (बोट होतं ना? त्याने अंगठा केला.) शिक्षकांनी विचारलं, एक वर्षानंतर तो दुसऱ्या टीमकडे गेला तर तुला चालेल का? त्यावर गप्प उभा राहिला आणि मग "नाही" म्हणाला. वर्गाने त्याच्याविरुद्ध मत दिलं. त्याला काही वाटलं नाही, घरी येऊन लगेच शर्ट घातला.

पिवळं_वादळ | ५:४५
वर्गाला कळलं बघा.

आकडेमोड | बुधवार, ५ नोव्हेंबर, सकाळी ८:०५
धागा वर आणतोय. रॉयल्सनी पेरेझशी नवा करार केला: २ वर्षं, २५ मिलियन. २०२६ आणि २०२७. म्हणजे वर्षाला पर्यायापेक्षा कमी, पण एक वर्ष जास्त. माझ्या मते रक्कम चांगली, दुसरं वर्ष नको होतं.

सेंट_लुईसची_वहिनी | ८:२०
अगदी मोलिनासारखं. छान केलं.

डेट्रॉईटचे_काका | ८:४१
२०२७ मध्ये तो ३७ चा असेल. तेव्हा या धाग्यावर या.

मृदुला_केसी | ९:००
घरी नाचतोय. मी त्याला एप्रिलची तिकिटं कबूल केलीत. सामना जिंकल्यावर सॅल्वी सहकाऱ्याच्या डोक्यावर बादली ओततो म्हणे, ते जवळून दिसायला कुठल्या बाजूला बसायचं?

बॅट_अँड_बाभूळ | ९:१०
पहिल्या बेसच्या बाजूला, रॉयल्सचा डगआउट तिकडेच आहे. आणि स्वेटर न्या, एप्रिलमध्ये रात्री गारठा असतो.