मदत हवी आहे : सोप्रानो बार्बरा श्लिक यांच्या गायनाविषयी

सप्रेम नमस्कार. १९४३ साली व्युर्त्सबुर्ग येथे जन्मलेल्या, बरोक (साधारण १६०० ते १७५० या काळातील युरोपीय) संगीताला वाहून घेतलेल्या जर्मन सोप्रानो (उंच पट्टीत गाणाऱ्या गायिका) बार्बरा श्लिक यांच्या कारकिर्दीचा मी अभ्यास करत असून, त्यासाठी जाणकारांची मदत हवी आहे.

फिलिप हेरवेग यांच्या संचालनाखाली १९८०च्या दशकात ध्वनिमुद्रित झालेल्या जर्मन संगीतकार बाखच्या ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ या ख्रिस्ताच्या यातनांवरील गायनकृतीतील श्लिक यांचे ‘आउस लीबे’ हे एकल गीत मी पुन्हा पुन्हा ऐकते. या रचनेत खर्जाची साथच नाही. एक बासरी आणि दोन ओबो दा काच्चा (ओबो या फुंकवाद्याचा खालच्या पट्टीचा प्रकार) एवढ्याच आधारावर गळा अगदी उघडा पडतो, आणि तिथे त्यांनी कंप जवळजवळ टाळून लावलेला सरळ, निर्मळ स्वर (आपल्याकडे ज्याला ‘लागलेला सूर’ म्हणतात, तसा) काळजाला भिडतो. पुढे संचालक टॉन कोपमन यांच्या बाख-कँटाटांच्या (वाद्यसाथीसह गायच्या रचनांच्या) ध्वनिमुद्रण-मालिकेतील सुरुवातीच्या खंडांतही त्या गायल्या.

हा स्वर त्यांनी कसा घडवला आणि अध्यापन करताना विद्यार्थ्यांकडून श्वासाची तयारी कशी करून घेतली, याविषयीच्या मुलाखती किंवा शिष्यांच्या आठवणी कोणाच्या वाचनात आल्या असल्यास कृपया कळवावे. मजकूर जर्मन भाषेत असला तरी चालेल.