दिनविशेषाचा फळा: दहा नोंदी की एकच, पण कारणासकट?

मलप्रभा (खानापूर)
आमच्या वाचनालयाच्या दाराशी फळा आहे आणि त्यावर दिनविशेष लिहायचं काम माझ्याकडे आहे. वर्षानुवर्षं तिथं दहा-बारा जन्म, पाच-सहा मृत्यू अशी यादी उतरवली जायची. मी ती बंद केली. काही सभासद नाराज आहेत, म्हणून माझं म्हणणं इथं मांडते. एका तारखेला एकच नोंद असावी, शक्यतो आपल्या भागातली, आणि ती गोष्ट का घडली हे त्यात आलंच पाहिजे.

२६ डिसेंबर घ्या. १९२४ साली त्या दिवशी बेळगावच्या टिळकवाडीत काँग्रेसचं ३९वं अधिवेशन सुरू झालं. गांधीजी अधिवेशनाचे अध्यक्ष झाले ते उभ्या आयुष्यात याच एका वेळी. जुन्या यादीत एवढंच असायचं. पण त्यावरून मुलांना काय कळणार? गांधीजी त्याच वर्षी फेब्रुवारीत तुरुंगातून सुटले होते. कायदेमंडळात शिरायचं की बाहेर राहून लढायचं, यावरून काँग्रेसमध्ये दोन तट पडले होते. चित्तरंजन दास आणि मोतीलाल नेहरूंच्या स्वराज्य पक्षाशी झालेल्या समझोत्यावर बेळगावात शिक्कामोर्तब झालं. सभासद व्हायचं तर चार आणे देऊन भागणार नव्हतं, महिन्याला २००० वार सूत द्यायचं ठरलं. गंगाधरराव देशपांडे या सगळ्या तयारीमागे होते. मंडपाच्या परिसराला विजयनगर नाव दिलं होतं. पाण्यासाठी खोदलेली विहीर आजही तिथं आहे, काँग्रेस विहीर म्हणून सगळ्यांना ठाऊक आहे. स्वागताच्या वेळी गायलेल्यांत लहानगी गंगूबाई हनगल होती.

मी हे सगळं फळ्यावर लिहिलं. वाचून दोन मुलं विहीर बघायची म्हणून आईबापांच्या मागे लागली. दहा नावांच्या यादीनं असं कधी झालेलं मला आठवत नाही.

शहापूरचा मास्तर
बाई, तुमची तळमळ कळते, पण मी याच्या विरुद्ध आहे.

२६ डिसेंबर ही चार्ल्स बॅबेजची जन्मतारीख आहे, १७९१. आज ज्याला आपण कॉम्प्युटर म्हणतो त्याची कल्पना या माणसानं कागदावर मांडली होती. १८९८ साली याच तारखेला मेरी आणि पिएर क्यूरी यांचा रेडियमचा शोध पॅरिसच्या विज्ञान अकादमीत जाहीर झाला. १९१४ साली हिंगणघाटला बाबा आमटे जन्मले. २००४ साली सुमात्राजवळ समुद्राच्या तळाशी भूकंप झाला आणि त्सुनामीत दोन लाखांवर माणसं गेली, तमिळनाडू आणि अंदमानपर्यंत. हे सगळं पुसून फक्त टिळकवाडी ठेवायची? बाबा आमट्यांना आपल्या फळ्यावर एक ओळही नाही?

माझ्या वर्गातली मुलं शेतकऱ्यांची आणि यंत्रमागावर काम करणाऱ्यांची आहेत. घरात पुस्तक नसतं. जगातली चार नावं त्यांच्या नजरेखालून जायची जागा म्हणजे तो फळा. नाव ओळखीचं झालं की पोरगं पुढं कधीतरी ते शोधतं. शिवाय पोलीस भरती, एफडीए (सरकारी कचेरीतला कारकून), केएएस (कर्नाटक प्रशासकीय सेवा) या सगळ्या परीक्षांना अशाच एकेका ओळीचे प्रश्न येतात. त्यांच्या पोटापाण्याचा विचार आपण करायचा नाही तर कुणी करायचा?

निपाणीवाला
मला वेगळंच म्हणायचंय. तारखा लक्षात राहतात त्या योगायोगानं.

२६ डिसेंबर २०२४. त्याच अधिवेशनाला शंभर वर्षं झाली म्हणून काँग्रेस कार्यसमितीची बैठक बेळगावात होती. शहरभर रोषणाई. मी त्या दिवशी कामानिमित्त बेळगावात होतो. रात्री उशिरा दिल्लीहून बातमी आली, मनमोहन सिंग गेले. दुसऱ्या दिवशीची जाहीर सभा आणि सगळे कार्यक्रम रद्द झाले, नेते दिल्लीला परतले. ती सभा पुढं २१ जानेवारीला घेतली. ज्यांनी ती रात्र पाहिली ते २६ डिसेंबर विसरायचे नाहीत. अशा नोंदी शेजारी-शेजारी लिहा, लोक थांबून वाचतील.

मलप्रभा (खानापूर)
थांबून वाचतील हे खरं. पण दोन घटना एका तारखेला पडल्या म्हणजे त्यांचा एकमेकींशी संबंध आहे असं मुलांच्या मनात बसतं, आणि मला तीच भीती आहे. मनमोहन सिंग यांचं निधन ९२व्या वर्षी, आजारपणात झालं. त्याचा बेळगावच्या अधिवेशनाशी काही संबंध नाही.

२६ जानेवारीकडं बघा. लाहोरला पूर्ण स्वराज्याचा ठराव झाला, १९३०च्या २६ जानेवारीला देशभर स्वातंत्र्यदिन पाळला गेला. संविधान स्वीकारलं २६ नोव्हेंबर १९४९ला, पण लागू केलं २६ जानेवारी १९५०ला, त्या १९३०च्या दिवसाची आठवण म्हणून. इथं तारीख कुणीतरी मुद्दाम निवडली आहे. २००१चा भूजचा भूकंपही २६ जानेवारीचाच, तो मात्र कुणी निवडला नव्हता. यादीत या सगळ्या एकाखाली एक येतात आणि दोन्हीतला फरक पुसला जातो.

नंदगडची लेक
२६ जानेवारी काढलीत आणि इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाचं नाव नाही घेतलंत, मलप्रभा अक्का? त्याला १८३१ साली २६ जानेवारीलाच आमच्या नंदगडला फाशी दिलं. तुमच्या खानापूर तालुक्यातच! समाधीजवळच्या वडाला अजून नवसाचे पाळणे बांधतात. आमच्या घरी मराठी बोलतात, आजी दर वर्षी तिथं नारळ ठेवून यायची. तिला तो कानडी की मराठी हा प्रश्न कधी पडला नाही.

म्हणून विचारते, "आपल्या भागातलं" म्हणजे नक्की काय? २३ ऑक्टोबर १८२४ला कित्तूरला राणी चन्नम्माच्या फौजेनं धारवाडचा कलेक्टर थॅकरे याला मारलं. दत्तक वारस कंपनीला मान्य नव्हता, त्यावरून ती लढाई पेटली. हे आपल्या फळ्यावर कधी लिहिलं जातं? मी तरी पाहिलेलं नाही. एकच नोंद ठेवायची म्हटलं की निवडणाऱ्याच्या मनातलं तेवढंच उरतं. मास्तरांची लांब यादी मला त्यापेक्षा बरी वाटते, तिच्यात निदान कुणाचा तरी रायण्णा शिरतो.

मलप्रभा (खानापूर)
रायण्णा माझ्या नियमात चपखल बसतो, कारण तो आपल्या मातीतला आहे. २६ जानेवारीच्या फळ्यावर त्याची कथा पूर्ण लिहीन. कित्तूरसुद्धा. मराठी वाचनालयात चन्नम्मा नको असं माझं म्हणणं कधीच नव्हतं.

वडगावचा वाचक
मंडळी, मूळ प्रश्न वेगळाच आहे. तारीख तरी कुठली धरायची? बेळगावची शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक वैशाख शुद्ध द्वितीयेच्या परंपरेनं निघते. रात्रभर रस्ते भरलेले असतात, गावोगावची पोरं त्यासाठी राबतात. महाराष्ट्र सरकारची शिवजयंती १९ फेब्रुवारीला. फळ्यावर १९ फेब्रुवारीला लिहिलं आणि वैशाखात गप्प बसलं, तर आपल्याच गावात काय चाललंय ते त्या फळ्याला ठाऊक नाही असं होईल. तिथीलाही जागा द्या.

आणि १ नोव्हेंबरचं काय करणार? १९५६ला राज्यं नव्यानं आखली, आपण म्हैसूर राज्यात गेलो, १९७३ला त्याच तारखेला राज्याचं नाव कर्नाटक झालं. बेळगावात एकीकडं राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडं आपला काळा दिन. इथं एक नोंद पुरत नाही. एक लिहिली की दुसरी दाबली.

मलप्रभा (खानापूर)
१ नोव्हेंबरचा राज्योत्सव आणि काळा दिन, दोन्ही एकाच निर्णयातून आले. तो निर्णय सांगितला तर दोन्ही त्यातच येतात, वेगळी यादी लागत नाही. तिथीचं पटलं. वैशाखात लिहीन.

शहापूरचा मास्तर
मग १७ जानेवारीला काय कराल ते सांगा. १९५६ला त्या दिवशी महाराष्ट्रात जायच्या आंदोलनावर बेळगावात गोळीबार झाला, माणसं गेली. हुतात्मा चौकात आपण जातोच, त्याबद्दल वाद नाही. पण १९०५च्या १७ जानेवारीला डहाणूला द. रा. कापरेकर जन्मले. देवळालीच्या शाळेतला साधा गणिताचा शिक्षक, आणि त्याच्या नावाचा आकडा आज जगभर शिकवतात. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं मांडा, मग चढत्या, मोठीतून लहान वजा करा. २०२४ घ्या: ४२२० वजा ०२२४, आले ३९९६. पुढं ९९६३ वजा ३६९९, ६२६४. ६६४२ वजा २४६६, ४१७६. ७६४१ वजा १४६७, ६१७४. पुढं कितीही वेळा करा, ६१७४च. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथं पोहोचतंच.

तुमच्या नियमानं हा माणूस फळ्याबाहेर राहील. तो सीमाभागातला नाही, गोळीबाराशी त्याचा संबंध नाही. माझ्या वर्गातली पोरं हे गणित खडूनं जमिनीवर करत बसतात.

मलप्रभा (खानापूर)
१७ जानेवारीला फळ्यावर हुतात्मेच राहतील, यात मी बदल करणार नाही. त्या दिवशी त्यांच्या शेजारी दुसरं काही नको, मग ते कितीही चांगलं असो. कापरेकरांसाठी १८ तारखेचा फळा देते. येऊन तुम्ही लिहा, वजाबाकीसकट.

शहापूरचा मास्तर
१८ला येतो. पण बाई, त्यांची जन्मतारीख १७ आहे, आणि मी फळ्यावर १७च लिहीन.