जुन्या पेट्रोल जीपला डीआय (डिझेल इंजिन) चढवावं की मूळ इंजिनच बांधावं?

घाटवाट:
कोल्हापुरात जुनी सीजे-3बी जीप कुणाच्या हाती आली की पहिला सल्ला ठरलेला: "हरिकेन (मूळ पेट्रोल इंजिन) काढ, महिंद्राचं डीआय चढव." मला हे पटत नाही. त्या जीपचं बॉनेट उंच आहे तेच मुळी या 2199 सीसीच्या इंजिनासाठी. त्याचे इनटेक व्हॉल्व्ह हेडात आणि एक्झॉस्टचे ब्लॉकमध्ये. बोअर (सिलिंडरचं भोक) झिजला तर स्लीव्ह (आतली नळी) टाकून होनिंग (आतून घासणं), क्रँकला दहा थाउचं (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) ग्राइंडिंग आणि त्या मापाची बेअरिंगं, एवढ्यात ते पुन्हा उभं राहतं. हे सगळं इथल्या उद्यमनगरच्या वर्कशॉपांत होतं. अशा गावात इंजिन भंगारात घालायचं म्हणजे काय?

पाटेवाला:
बांधकाम होईल हो, पण कार्बोरेटरचे पार्ट आणि पेट्रोलचा खर्च? गगनबावड्याच्या चढाला माणसं आणि सामान घेऊन जायचं तर 2523 सीसीचं डीआय खालच्या आरपीएमलाच ओढतं, सारखा गिअर पाडावा लागत नाही. पार्ट तर कुठल्याही तालुक्याला मिळतात. गाडी वापरायची आहे, मांडून ठेवायची नाही.

घाटवाट:
ओढतं, मान्य. पण हायवेचा हिशेब करा. मूळ डिफ्रन (ॲक्सलमधले गिअर) 5.38 चं, म्हणजे शाफ्टच्या 5.38 फेऱ्यांना चाकाचा एक, टायर एका फेऱ्यात सुमारे सव्वादोन मीटर जातो. टॉप गिअर सरळ एकास एक. इंजिन 3000 ला फिरत असेल तर वेग येतो ताशी 75. पेट्रोल इंजिन त्याच्यावर मोकळं फिरतं, डीआय मात्र तिथंच घुमायला लागतं. पुण्याच्या रस्त्याला तासन्‌तास तसंच दामटणार का?

पाटेवाला:
मग 4.88 चं क्राऊन-पिनियन (डिफ्रनमधली गिअरची जोडी) घाला, त्याच 3000 ला ताशी 83 मिळतात. फक्त पुढचा आणि मागचा, दोन्ही डिफ्रन एकाच मापाचे हवेत. एकच बदलून फोर-व्हील लावलं की ट्रान्सफर केसला (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीला) ताण बसून काहीतरी तुटणारच.

डायल गेज:
तुम्ही दोघं वेगावर भांडताय, पण अशी गाडी बिघडते ती जोडावर. इंजिन आणि जुना गिअरबॉक्स यांच्यात अडॅप्टर प्लेट टाकतात आणि ती डोळ्यानं सेंटर करतात. तसं चालत नाही. डायल गेजचा (बारीक हालचाल मोजणाऱ्या काट्याच्या मापकाचा) मॅग्नेट फ्लायव्हीलवर बसवा, टोक बेल हाऊसिंगच्या (क्लचवरच्या आवरणाच्या) मधल्या भोकाला लावा, क्रँक हातानं एक फेरा फिरवा. काट्याची एकूण हालचाल आठ थाउच्या आत पाहिजे. जास्त असेल तर ऑफसेट डॉवेल (मध्य सरकवलेल्या पिना) घालून सरकवा. हे टाळलं की आधी पायलट बेअरिंग (क्रँकच्या टोकाला गिअरबॉक्सचा शाफ्ट धरणारं) आवाज करतं, मग टॉप गिअर आपोआप निसटतो, शेवटी क्लचप्लेटचा हब फाटतो. मग दोष गिअरबॉक्सच्या माथी! त्यापेक्षा डीआय घ्यायचंच असेल तर त्याचा स्वतःचा गिअरबॉक्स जोडीनं घ्या.

आणि चेंबर, म्हणजे इंजिनाखालचं ऑइलचं भांडं. गाडी सपाट उभी असताना चेंबर आणि पुढचा ॲक्सल यांच्यात फट दिसते म्हणून फसू नका. पाटे (स्प्रिंगा) पूर्ण दाबून बघा. खड्ड्यात ॲक्सल वर आला की चेंबरला ठोकर बसते आणि ऑइल रस्त्यावर. डीआयचं वजन जास्त, त्यामुळे पुढचे पाटे आणखी बसतात.

पाटेवाला:
बरोबर. त्यात भर: डिझेलला टाकीकडं परतीची लाइन लागते, वॉटर सेपरेटर (डिझेलमधलं पाणी वेगळं करणारा) लागतो. व्हॅक्यूमवरचा, म्हणजे इंजिनाच्या ओढीवर चालणारा जुना वायपर बंद पडतो, कारण डिझेलच्या मॅनिफोल्डला (हवा आत नेणाऱ्या नळीला) ओढ नसते. मागं व्हॅक्यूम पंप असलेला अल्टरनेटर बघून घ्या. गाडी 6 व्होल्टची असेल तर वायरिंग सगळं नवं.

आरसी बुक:
कागदाचं कुणीच बोललं नाही. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52. आधी आरटीओची मंजुरी, काम झाल्यावर 14 दिवसांत आरसीवर नोंद. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं की कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाही. पेट्रोलच्या आरसीवर डिझेल, तेही वेगळ्या प्रकारचं इंजिन, याला मंजुरी मिळेल असं गृहीत धरून काम सुरू करू नका. विनापरवाना बदलाला कलम 182अ खाली प्रत्येक बदलामागं 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पंधरा वर्षांनंतरच्या पासिंगला इंजिन नंबर बघतातच. अपघात झाला तर विम्याच्या दाव्यातही हाच नंबर आडवा येतो.

पाटेवाला:
कागदावर मी हरलो. पण शेतावरच्या गाडीला माझं मत तेच.

घाटवाट:
शेतावरून डांबरीवर आली की कायदा लागलाच, दादा. आणि इंजिन उतरवायच्या आधी कंप्रेशन (सिलिंडरमधला दाब) तरी मोजा. ज्या सिलिंडरला कमी येतं त्याच्या प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडा, पुन्हा मोजा. काटा वर गेला तर रिंगा आणि बोअर गेले. जागचा हलला नाही तर बहुतेक व्हॉल्व्ह. ब्लॉकमधल्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं लॅपिंग (घासून बैठकीवर बसवणं) हेड आणि बाजूचं टॅपेट कव्हर काढून जागेवरच होतं, त्यासाठी इंजिन खाली घ्यावं लागत नाही.