टिलर सोडला की होडी वाऱ्यात तोंड घालते, घरच्या घरी सेल्फ स्टिअरिंग बनवलंय का कोणी?

भरकटलेलाशिडवाला

मंडळी मदत हवीय. माझी 19 फुटी शिडाची होडी आहे, मेनसेल (मोठं शीड) आणि जिब (पुढचं लहान शीड) एवढंच, सुकाणू मागच्या फळीवर बाहेरून बिजागऱ्यांना टांगलेलं आणि हातात टिलर, म्हणजे सुकाणू फिरवायचा दांडा. बहुतेक वेळा एकटाच असतो आणि टिलर सोडला रे सोडला की बाईसाहेब वाऱ्याकडे वळून शिडं फडफडवत उभ्या, म्हणजे नकाशा बघणं लांबच, पुढे जाऊन जिब उतरवायची तरी धावपळ. विकतची विंडवेन (वाऱ्याच्या दिशेवरून सुकाणू चालवणारं यंत्र) बघितली, किंमत बाजूला ठेवा पण तिचं वजनच एवढं की माझ्या होडीचं बूड पाण्यात बसेल. नेटवर सर्वो पेंड्युलमचे (पाण्यात डुलणाऱ्या पात्याच्या जोराने सुकाणू फिरवणाऱ्या विंडवेनचे) प्लॅन मिळतात पण त्यातले ते बेव्हल गिअर बघूनच हात आखडतो. ड्रिल, ग्राइंडर, जिगसॉ आहे, प्लायवूड आणि इपॉक्सीचं काम जमतं, वेल्डिंग ओळखीतला एक जण करून देईल. सुरुवात कुठून करू? आणि सरळ मोटर लावून इलेक्ट्रॉनिक करावं का?

उलटावारा

आधी ग्राइंडर खाली ठेवा. टिलर सोडल्यावर होडी इतक्या जोरात वाऱ्याकडे ओढत असेल तर तिच्यावर कुठलंही यंत्र बसवलं तरी ते दिवसभर होडीशी कुस्तीच खेळणार. मेनला लवकर रीफ घ्या (म्हणजे शीड थोडं गुंडाळून लहान करा), ट्रॅव्हलर (मेनशीट आडवी सरकवायची पट्टी) असेल तर तो वाऱ्याच्या पलीकडच्या बाजूला सरकवा, मेनशीट जरा ढिली सोडा (शीट म्हणजे शीड आवरायची दोरी), जिब मात्र पूर्ण ठेवा, आणि स्वतः कुठे बसता तेही बघा कारण एवढ्या छोट्या होडीत माणसाच्या वजनाने तोल बदलतो. दोन बोटांनी टिलर धरता आला की मग पुढचं. जोशुआ स्लोकम हा नाविक 1895 ते 1898 मध्ये एकटा जगाला वळसा घालून आला तेव्हा त्याच्याकडे कसलं यंत्र नव्हतं, नुसतं सुकाणू बांधून टाकायचा आणि त्याची होडी स्प्रे आपली चालत राहायची. अर्थात तिचा कील (तळाखालचा कणा) लांबलचक होता, तुमची होडी तेवढी शहाणी असणार नाही.

त्यानंतर शीट टू टिलर करून बघा, खर्च जवळपास शून्य. जिबच्या शीटला एक पातळ दोरी गाठ मारून जोडायची, ती वाऱ्याकडच्या बाजूच्या कप्पीतून फिरवून टिलरला आणायची, आणि टिलरच्या दुसऱ्या बाजूला रबर. होडी वाऱ्याकडे वर चढली किंवा झोत आला की शीटवर ताण वाढतो, दोरी टिलर वाऱ्याकडे ओढते, होडी खाली, म्हणजे वाऱ्यापासून दूर, वळते. खाली जास्त गेली की ताण कमी, रबर टिलर परत खेचतं. एवढंच. रबर मात्र बंजी कॉर्ड नको, ती थोडी ताणली की एकदम कडक होते. हॉस्पिटलात वापरतात तसली लेटेक्सची नळी घ्या, ती हळूहळू आणि लांबवर ताणली जाते. उन्हात चिरते म्हणून जास्तीची एक ठेवा.

नटबोल्ट

उलटावारा यांचं सगळं मान्य पण रबर-दोरीचं प्रकरण दर वेळी दिशा बदलली, शिडं बदलली की परत जुळवत बसावं लागतं, आणि मागून वारा असला की तर नकोच. भरकटलेले, तुमचं सुकाणू बाहेर टांगलेलं आहे ही लॉटरी आहे हो! सर्वो पेंड्युलम विसरा, ट्रिम टॅब करा. सुकाणूच्या मागच्या कडेला एक अरुंद उभी पट्टी बिजागरीवर बसवायची, ती एका बाजूला वळली की पाण्याचा जोर अख्ख्या सुकाणूला उलट्या बाजूला ढकलतो, म्हणजे ताकदीचं काम पाणी करतं आणि वाऱ्याच्या पंख्याला (वाऱ्याने कलणाऱ्या उभ्या फळीला) नुसती ती चिमुकली पट्टी हलवायची असते. पंखा थेट टिलरला जोडायचा तर तो केवढा लागतो बघा, 1960 च्या एकट्याने अटलांटिक ओलांडायच्या शर्यतीत फ्रान्सिस चिचेस्टर या ब्रिटिश नाविकाने तसं केलं होतं तर त्याचा पंखा म्हणजे चांगलं दणदणीत कापडी शीडच होतं, मिरांडा नाव ठेवलेलं.

आता खरी मेख ऐका, ही प्लॅनमध्ये कोपऱ्यात असते आणि लोक नजरेआड करतात. टॅबला पुढच्या बाजूला एक दांडी येते, तिच्या टोकाला पंख्याकडून आलेला रॉड जोडतात. ते जोडणीचं टोक सुकाणूच्या बिजागऱ्यांच्या रेषेच्या थोडं मागे राहिलं पाहिजे. मागे असलं की सुकाणू जसं वळत जातं तसा टॅब आपोआप परतीच्या बाजूला फिरतो आणि सुकाणू हवं तेवढंच वळून थांबतं. बरोबर रेषेवर ठेवलं तर हा लगाम नाही, होडी नागमोडी चालते. रेषेच्या पुढे गेलं तर उलटाच परिणाम, सुकाणू एका बाजूला जाऊन तिथेच अडकणार. दांडीला ओळीने तीन-चार भोकं पाडून ठेवा, पाण्यावर जाऊन जुळवा.

पंखा 3-4 मिमी प्लायचा, खाली वजन असं लावा की तो जेमतेम उभा राहील. आडव्या अक्षावर डुलणारा केलात तर अक्ष साधारण 20 अंश कलता ठेवा, अगदी सपाट ठेवला तर जराशा वाऱ्यातही पार लोळण घेतो. आणि घर्षण, घर्षण, घर्षण! नायलॉनचे बुश पाणी पिऊन फुगतात आणि जाम होतात, डेल्रिन घ्या. घरात पंख्यावर तोंडाने फुंकर मारली तर टॅब हलला पाहिजे, नाही हलला तर होडीवर चढवूच नका.

करंटबसला

इलेक्ट्रॉनिकचा प्रश्न कोणी घेतलाच नाही म्हणून लिहितो. पायपायलट नावाचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे, रास्पबेरी पायवर चालतं, सोबत एक आयएमयू सेन्सर (होडीची दिशा आणि हालचाल मोजणारा), मोटर कंट्रोलर आणि गाडीच्या वायपरची मोटर किंवा लिनिअर अ‍ॅक्च्युएटर. मोठा फायदा म्हणजे इंजिनवर चालताना किंवा वारा पडल्यावरही होडी सरळ ठेवतं, तिथे विंडवेनचा काही उपयोग नाही. सेन्सर लोखंड, स्पीकर, मोटर यांच्यापासून लांब लावा नाहीतर होकायंत्रच खोटं बोलेल. तोटे: बॅटरी खातं, आणि खारं पाणी कनेक्टरमध्ये शिरलं की खेळ खल्लास. नुसत्या कंपास मोडवर असलात आणि वारा फिरला तर ते बिचारं ठरलेल्या दिशेनेच जात राहतं, जाइब झाली (मागचा वारा दुसऱ्या बाजूने येऊन मेनसेल धाडकन पलीकडे गेलं) तरी त्याला काय त्याचं.

नटबोल्ट

@करंटबसला आणि विंडवेनचं बरोबर उलट, वारा फिरला की होडी गुपचूप त्याच्यासोबत फिरते. शिडं छान भरलेली, सगळं शांत, आणि तोंड किनाऱ्याकडे! होकायंत्रावर डोळा ठेवावाच लागतो.

भरकटलेलाशिडवाला

जबरी माहिती, धन्यवाद सगळ्यांना. आधी रीफ आणि रबर नळी, मग टॅब असं ठरवतोय. दोन शंका. रबर-दोरीवर मागून वारा असताना खरंच काहीच होत नाही का? आणि टॅब केवढा कापू?

उलटावारा

होतं की. एक लहान जिब पुढे अगदी मधोमध ताठ ओढून बांधायची आणि तिच्या दोन्ही शीट कप्प्यांतून टिलरला आणायच्या. होडी सरळ मागच्या वाऱ्यावर असली की ती जिब निवांत, कुठल्याही बाजूला वळली की त्या बाजूने भरते आणि टिलर ओढून परत आणते. कुठली शीट कुठल्या बाजूने आणायची हे कागदावर बसून ठरवू नका, हलक्या वाऱ्यात दोन्ही करून बघा, चुकीचं असेल तर होडी ताबडतोब सांगते.

आणि एक, चिडचिड वाटली तरी लिहितोच. सेल्फ स्टिअरिंग लागल्यावर तुम्ही पाण्यात पडलात तर होडी थांबत नाही, तुमच्याशिवाय मजेत निघून जाते. हार्नेस (अंगावरचा पट्टा) आणि टेदर (तो होडीला बांधणारी दोरी) लावल्याशिवाय टिलर सोडायचा नाही. समुद्रात टक्कर टाळायच्या नियमांतला पाचवा नियम सतत पहारा ठेवायला सांगतो, तो यंत्र बसवलं म्हणून माफ होत नाही.

नटबोल्ट

टॅब: पाण्याखालच्या सुकाणूच्या साधारण दहावा-आठवा हिस्सा धरून सुरुवात करा, उंच आणि अरुंद. आधी स्वस्त प्लायचा कापा, इपॉक्सी वगैरे नंतर. लहान पडला तर कमी वेगात सुकाणू वळवायला जोर पुरत नाही, मोठा झाला तर पंख्याला जड जातो. आणि टॅबला मधोमध पक्का करणारी खीळ नक्की ठेवा, हाताने चालवताना तो मोकळा राहिला तर टिलर इतका विचित्र लागतो की सुकाणूच तुटलंय असं वाटतं. खिळीला दोरी बांधून ठेवा, नाहीतर पहिल्याच दिवशी पाण्यात जाईल.