ट्रेनिंगच्या कॉन्फरन्सला जावं का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी रबाळे एमआयडीसीत एका पॅकेजिंग कंपनीत एचआर बघते आणि ट्रेनिंग पण माझ्याच गळ्यात. साहेब म्हणतात वर्षातून एका तरी कॉन्फरन्सला जाऊन ये, पैसे कंपनी देईल. गेल्या वर्षी एकीला गेले होते, वाशीला, दिवसभरात चार भाषणं त्यातली तीन सॉफ्टवेअर विकणाऱ्यांची, आणि हातात काय तर एक ज्यूटची पिशवी नि पेन (पेन चांगलं चालतंय हां). एकाने ट्रेनिंगचा उपयोग झाला का ते तपासायचं कर्कपॅट्रिकचं १९५९ पासूनचं मॉडेल दाखवलं, आवडलं का, शिकले का, कामात वापरतात का, कंपनीला फायदा काय, या ४ पायऱ्या. पटलं हो, पण आमची गाडी तिसऱ्यावर अडते. नाइट शिफ्टचा पोरगा क्लासमध्ये पाउच सील करायचं टेंपरेचर पाठ म्हणून दाखवतो आणि मशीनवर गेला की अंदाजाने नॉब फिरवतो, सकाळी पाउच उघडे. यावर तिथे कोणी बोललंच नाही.

त्यात आमची ७० माणसं, म्हणजे ३० च्या वर असल्यामुळे अप्रेंटिस घेणं पण बंधनकारक, एकूण माणसांच्या अडीच ते पंधरा टक्के. त्यांना शिकवायचं कोणी, सुपरवायझर आधीच वैतागलेत.

तर ठाणे, वागळे इस्टेट, महापे, तुर्भे कुठेही शॉपफ्लोअर ट्रेनिंगवाल्यांची छोटी मीटिंग होते का, जिथे एकमेकांचा प्लांट बघता येतो? कोणी जात असेल तर सांगा ना, शनिवार असेल तर उत्तम. आणि मोठ्या कॉन्फरन्सचे पैसे भरायच्या आधी तुम्ही नक्की काय बघता?