एसटीतला साथीदार आणि ६५ टक्क्यांची अट

शिरपूरकर: भाचा १४ वर्षांचा, बौद्धिक दिव्यांग, यूडीआयडी कार्डावर (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) दिव्यांगत्व ५० टक्के. एसटीत ४० टक्क्यांपासून दिव्यांगाला ७५ टक्के सवलत आहे, ती त्याला मिळते. साथीदाराला मात्र अर्धं तिकीट ६५ टक्क्यांपासून. आता हे पोर एकटं धुळ्याला थेरपीला जाईल का? मागे सोनगीरला गाडी थांबली, शेजारचा माणूस उतरला, तर हाही त्याच्या मागोमाग पायरीवर. बापाने शर्टाची कॉलर धरली म्हणून बरं. आम्ही निवेदन देतोय : दिव्यांगांना पूर्ण मोफत प्रवास, आणि ज्याला एकट्याने जाता येत नाही त्याच्या साथीदारालाही, टक्के कितीही असोत. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून मोफत आहेच की. सह्या हव्यात.

पांझराकाठ: माझी सही नाही. मार्च २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट आहे, आईने न्यावं. सवलतीचे पैसे सरकारने महामंडळाला द्यायचे असतात, ते रखडले की कामगाराचा पगार लांबतो. जानेवारी २०२५ मध्ये भाडं जवळपास १५ टक्के वाढलं. कोणाच्या खिशातून गेलं?

शिरपूरकर: आई कापूस वेचायला जाते, तिचा रोज बुडतो. बाप रात्रपाळीचा, म्हणून तो नेतो, परतताना खिडकीला डोकं टेकून झोपतो. आणि सरकार पैसे उशिरा देतं हा भाच्याचा गुन्हा कसा?

जुना कंडक्टर: २२ वर्षं तिकिटं फाडली, शेवटी मशीन आलं. बोगस सर्टिफिकेटवाले पाहिलेत, खरे असून लाजेपायी कार्ड न काढणारेही पाहिलेत. पण ‘टक्के कितीही असोत’ हे गाडीत चालणार नाही. बाजाराचा दिवस, दारापर्यंत माणसं, त्यात मी काय बघून ठरवू की याला साथीदार लागतो? आकडा नसला की भांडण कंडक्टरशी. त्यापेक्षा डॉक्टरांनीच कार्डावर ‘साथीदार आवश्यक’ असा शेरा द्यावा.

शिरपूरकर: हे पटलं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही ४० टक्क्यांच्या पुढच्यांमध्ये ‘जास्त आधाराची गरज’ असलेली व्यक्ती वेगळी सांगितली आहे. ‘टक्के कितीही’ काढतो, शेऱ्याचं घालतो.

सातपुड्याचा: तुमचं भांडण सपाटीवरचं. त्याच कायद्यातल्या दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, आणि सिकलसेलच्या रुग्णाला साध्या गाडीत मोफत प्रवास आधीपासून आहे. आमच्या धडगावकडच्या पाड्यांवर याचे रुग्ण आहेत. अंग ठणकायला लागलं की माणूस फाट्यावर येऊन बसतो, एसटीचा पत्ता नसतो. मग जीप. जीपवाला कार्ड बघत नाही, पैसे बघतो. म्हातारी म्हणते, ‘गाडीच येस नही, ते सवलत लिसन काय करानं?’ फेऱ्या वाढवा हे पहिलं लिहा.

पांझराकाठ: फेऱ्यांना पैसा लागतो दादा, तोच तर मुद्दा आहे. सगळं फुकट केलं तर डोंगरातली तोट्याची फेरी आधी बंद होईल. साथीदाराच्या शेऱ्याला सही करतो, तो खर्च फार नाही. मोफतच्या मागणीला नाही. कागद वेगळा करा.

जुना कंडक्टर: आणि पुढच्या राखीव सीटवरच्या गोण्या उचलायला सांगा लोकांना. त्याला ना सही लागते ना पैसा.

शिरपूरकर: मोफतची मागणी सोडत नाही, पण दोन कागद करतो. फेऱ्यांचं दोन्हींवर वरच लिहितो. पांझराकाठ, रविवारी धुळ्यात येतोय, सही तयार ठेवा.