चित्राची खालची कड लाटेसारखी का दिसते?

वर विचारलंय की फळ्याच्या वर बसवलेल्या अल्ट्रा शॉर्ट थ्रो (भिंतीच्या अगदी जवळून मोठं चित्र पाडणाऱ्या) लेझर प्रोजेक्टरचं चित्र वरती सरळ आणि खालच्या कडेला लाटेसारखं का दिसतं, आणि कीस्टोन (चित्राची वाकडी चौकट सरळ करणारी प्रोजेक्टरमधली सोय) फिरवूनही ही लाट का जात नाही. दोष प्रोजेक्टरचा नाही, भिंतीचा आहे. थ्रो रेशो, म्हणजे लेन्सचं भिंतीपासूनचं अंतर भागिले चित्राची रुंदी, ०.२५ असेल तर १०० इंची (कर्णात मोजलेल्या, १६:९) चित्राला, म्हणजे सुमारे २२१ सेंमी रुंदीला, लेन्स भिंतीपासून ५५ सेंमीवर येते. खालच्या कडेला प्रकाश इतका तिरपा पडतो की ३ मिमीचा खळगा रेषेला ८ मिमीच्या आसपास सरकवतो. कीस्टोन फक्त चौकट ताणतो, शिवाय अक्षरं धूसर करतो. तो आधी शून्यावर आणा आणि ब्रॅकेटचे स्क्रू फिरवूनच चौकोन जुळवा.

दोन मीटरची ॲल्युमिनियम पट्टी भिंतीला आडवी-उभी लावून फटी बघा. पुट्टी किंवा कडक चौकटीचा पडदा, दोनच उपाय. गुंडाळायचा साधा पडदा कृपया घेऊ नका, पंख्याच्या वाऱ्यानेसुद्धा रेषा हलतात. चकचकीत व्हाइटबोर्डवर मध्येच झगझगीत डाग पडतो, मॅट घ्या. खोलीतला उजेड अडवणारा दातेरी पडदा घेणार असाल तर तो वरून येणाऱ्या प्रकाशासाठी आहे ना, विचारा. घरगुती पडदे बहुधा खालून प्रकाश येईल असे बनवलेले असतात.